एलसी३बी अँटिबॉडी: हेला लायसेटमध्ये एकच फिकट बँड, क्लोरोक्विन देऊनही फरक नाही

घणसोली_बेंच (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हेला पेशींत (माणसाच्या कर्करोगाच्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशी) एका वनस्पतिजन्य संयुगाने ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग ऑटोफॅगोसोम नावाच्या पिशवीत गुंडाळून लायसोसोममध्ये पचवणं, वाढते का, हे तपासायचं आहे. त्यासाठी ऑटोफॅगोसोमच्या पटलावर बसणाऱ्या एलसी३बी प्रोटीनची सशातली पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरतोय. माहितीपत्रकात वेस्टर्न ब्लॉटसाठी १:१००० दिलंय आणि ह्युमन, माउस, रॅट तिन्हींना चालते असं लिहिलंय.

सध्याची पद्धत अशी: सहा वेलची प्लेट, ७०-८० टक्के भरलेल्या पेशी. आरआयपीए बफरमध्ये बर्फावर ३० मिनिटं लायसिस, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घेतो. बीसीएने प्रोटीन मोजून लेनला २० मायक्रोग्रॅम. १२ टक्के ट्रिस-ग्लायसिन जेल. ०.४५ मायक्रॉनचं नायट्रोसेल्युलोज, सेमी-ड्राय २५ व्होल्ट, ३० मिनिटं. ५ टक्के दुधात ब्लॉकिंग, प्रायमरी त्याच दुधात रात्रभर ४ अंशांना, एचआरपी एन्झाइम जोडलेली सेकंडरी १:५०००. कंट्रोल म्हणून लायसोसोममधलं पचन अडवणारं क्लोरोक्विन १० मायक्रोमोलर, २४ तास. लायसेट उणे २० ला ठेवून लागेल तसं वितळवून वापरलंय.

दिसतं ते असं: १५ किलोडाल्टनच्या आसपास डाय फ्रंटला चिकटून एकच फिकट बँड, आणि तो क्लोरोक्विन दिलेल्या व न दिलेल्या लेनमध्ये जवळपास सारखाच. वर ५० ते ६० ला मात्र गडद, नको असलेले बँड. पी६२ (ऑटोफॅजीत स्वतःच पचून जाणारं प्रोटीन) संयुगाने कमी व्हायला हवा होता, तो वाढलाय.

अँटिबॉडीच खराब आहे असं धरून दुसरी मोनोक्लोनल मागवू का? प्रोजेक्टमध्ये उरलेले पैसे एकाच कुपीपुरते आहेत आणि आयातीची वाट बघावी लागेल ती वेगळीच. म्हणून आधी इथे विचारतोय.

ऐरोली_ब्लॉट

अजून मागवू नका. १० मायक्रोमोलर क्लोरोक्विनला २४ तासांनी हेलामध्ये एलसी३-२ (एलसी३ चं लिपिड जोडलेलं, पटलावरचं रूप; लिपिड नसलेलं ते एलसी३-१) वाढलेला दिसायला हवा. तो दिसत नाही म्हटल्यावर पहिला संशय जेल आणि मेंब्रेनवर घ्या. तुमच्या पद्धतीत १५ किलोडाल्टनचं प्रोटीन मेंब्रेनवर टिकणंच अवघड आहे.

एलसी३-१ साधारण १६ ते १८ ला धावतो, एलसी३-२ १४ ते १६ ला. एलसी३-२ ला फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन जोडलेलं असतं, म्हणजे वजनाने तोच जड. पण ही लिपिडची जोड त्याला जास्त हायड्रोफोबिक करते, म्हणून जेलमध्ये तो पुढे पळतो. दोघांतलं अंतर जेमतेम दोन किलोडाल्टनचं. १२ टक्के ट्रिस-ग्लायसिनमध्ये दोघेही डाय फ्रंटपाशी एकमेकांवर बसतात. तुमचा तो एक बँड बहुधा दोघांचा मिळून आहे.

१५ टक्के जेल ओता. १० मिली रिझॉल्व्हिंगला पाणी २.३ मिली, ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइड ५ मिली, १.५ मोलर ट्रिस पीएच ८.८ चं २.५ मिली, १० टक्के एसडीएस ०.१ मिली, १० टक्के एपीएस ०.१ मिली, टेमेड ४ मायक्रोलिटर. आपल्याकडच्या पावसाळ्यात एपीएसची पावडर ओल धरते आणि तिचा जोर उतरतो. जेल अर्ध्या तासात नीट घट्ट होत नसेल तर टेमेड वाढवत बसू नका, नवीन पावडरचं ताजं द्रावण करा आणि छोटे अ‍ॅलिकोट उणे २० ला ठेवा. स्टॅकिंग ८० व्होल्टला, पुढे १२० ला. निळी रेघ जेलच्या तळाशी पोचली की थांबा, बाहेर जाऊ देऊ नका. बिस-ट्रिस ग्रेडियंट परवडत असेल तर एमईएस बफरमध्ये चालवा, खालचा भाग छान उलगडतो.

मेंब्रेन बदला. ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ घ्या, मिथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट भिजवून. एलसी३-२ पीव्हीडीएफवर जास्त चांगला धरतो. ट्रान्सफर वेट करा: २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन, २० टक्के मिथेनॉल, १०० व्होल्ट, एक तास, टाकीत बर्फाची पिशवी. बफरमध्ये एसडीएस घालू नका, त्याने लहान प्रोटीन मेंब्रेनमधून आरपार जातात. जातायत का हे कळायला एकदा मागे दुसरं मेंब्रेन लावा आणि दोन्हींवर अँटिबॉडी चालवा. मागच्यावर बँड आला तर वेळ कमी करा. सेमी-ड्रायच करायचं असेल तर १५ मिनिटांपासून सुरुवात करून बघा.

आणि मेंब्रेन कापा. पॉन्सो रंग लावून लॅडरच्या २५ च्या जरा वर एक काप, ५० च्या आसपास दुसरा. खालची पट्टी एलसी३ ला, मधली अ‍ॅक्टिनला, वरची पी६२ ला. तिन्ही एकाच लेनमधून मिळतात, शिवाय खालच्या पट्टीला सीलबंद पाऊचमध्ये ३ मिली अँटिबॉडी पुरते. ५०-६० चे ते नको असलेले बँड कुठून येतात ते मात्र शोधा: प्रायमरी न लावता फक्त सेकंडरी लावलेली एक पट्टी चालवा. तिथेही आले तर दोष सेकंडरीचा, मग १:१०,००० किंवा त्याहून पातळ करा.

पातळ केलेली प्रायमरी परत वापरायची असेल तर ५ टक्के बीएसएमध्ये करा आणि ०.०२ टक्के सोडियम अ‍ॅझाइड घाला. सेकंडरीत अ‍ॅझाइड चुकूनही नको, ते एचआरपीला मारतं.

कळवा_सेल

ऐरोलीकरांनी मेंब्रेनचं सगळं सांगितलंय. मी लायसेट आणि कंट्रोलवर लिहिते, कारण ब्लॉट स्वच्छ आला तरी आत्ताच्या लेनवरून तुम्हाला उत्तर मिळणार नाही.

लायसेट आधी. एलसी३-१ नाजूक असतो. गोठवणं-वितळवणं झालं की तो कमी होत जातो. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवलेल्या लायसेटवरून एलसी३-१ बद्दल काही बोलता येत नाही. एका वेळेपुरते अ‍ॅलिकोट करा, उणे ८० ला. आरआयपीएऐवजी १ टक्का एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४ घ्या, त्यात प्रोटिएज इन्हिबिटर. पीबीएस पूर्ण शोषून घेऊन हा बफर थेट वेलमध्ये घाला, खरवडा, ९५ अंशांना ५ मिनिटं ठेवा. डीएनएमुळे चिकट होतं, ते सोनिकेट करा किंवा २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा. बर्फावर ठेवू नका, एसडीएसचे स्फटिक होतात. बीसीएला इतका एसडीएस चालतो. डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल चालत नाही, म्हणून आधी बीसीए आणि मग लोडिंग डाय.

हे पी६२ साठी अधिकच गरजेचं आहे. पी६२ गुठळ्या करतो आणि सौम्य डिटर्जंटमध्ये त्यातला बराचसा विरघळत नाही. तुम्ही सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घेताय, म्हणजे जो भाग बघायचा तोच कदाचित गाळासोबत टाकताय.

आता कंट्रोल. एलसी३-२ वाढला याचे दोन अर्थ असतात. ऑटोफॅगोसोम जास्त बनतायत, किंवा बनलेले लायसोसोममध्ये पचत नाहीत. एका वेळच्या एका बँडवरून हे दोन वेगळे करताच येत नाहीत. म्हणून किमान चार लेन हव्यात: काही न दिलेली, फक्त बॅफिलोमायसिन (लायसोसोममधलं पचन थांबवणारं), फक्त संयुग, संयुग अधिक बॅफिलोमायसिन. बॅफिलोमायसिन ए१ १०० नॅनोमोलर, शेवटचे २ ते ४ तास. डीएमएसओमध्ये १०० मायक्रोमोलरचा स्टॉक करा, म्हणजे १ मिली मीडियमला १ मायक्रोलिटर लागेल. उजेडापासून जपा, छोटे अ‍ॅलिकोट उणे २० ला. बाकीच्या लेनना तेवढाच डीएमएसओ द्या.

वाचायचं असं. समजा अ‍ॅक्टिनने भागून एलसी३-२ चे आकडे अनुक्रमे १, ४, २, ७ आले. संयुगाशिवाय फ्लक्स (पचनाचा ओघ, म्हणजे बॅफिलोमायसिनने वाढलेला एलसी३-२) ४ वजा १ म्हणजे ३, संयुगासह ७ वजा २ म्हणजे ५. ऑटोफॅजी खरोखर वाढली. पण १, ४, ३.५, ४ आले तर? संयुगाच्या लेनमध्ये एलसी३-२ साडेतीन पट दिसेल आणि मन लगेच 'वाढली' म्हणेल, पण फ्लक्स उरला ४ वजा ३.५ म्हणजे ०.५. म्हणजे तुमचं संयुग पचन अडवतंय, बॅफिलोमायसिनसारखंच. लायसोसोममध्ये साचणाऱ्या बेसिक रेणूंबाबत असं वारंवार होतं, आणि नेमकं उलट छापून येतं.

क्लोरोक्विन २४ तास हा कंट्रोल मी बदलेन. इतक्या वेळात पेशी बाकीही बरंच काही बदलून बसते. शिवाय क्लोरोक्विन स्वतःच एलसी३ ला एंडोसोम-लायसोसोमच्या एकपदरी पटलावर चढवतं, त्याचा ऑटोफॅगोसोमशी संबंध नसतो. त्या चढण्याला व्ही-एटीपीएज (लायसोसोम आम्लधर्मी ठेवणारा पंप) लागतं आणि बॅफिलोमायसिन तेच बंद करतं, म्हणून फ्लक्सला बॅफिलोमायसिन बरं. क्लोरोक्विनच वापरायचं तर ५० मायक्रोमोलर, ३-४ तास.

पॉझिटिव्ह म्हणून उपासमारीचीही एक जोडी ठेवा: ईबीएसएस या अमिनो आम्लं नसलेल्या क्षारद्रावणात २ तास, बॅफिलोमायसिनसह आणि शिवाय. त्याआधी पेशी पीबीएसने तीनदा धुवा, उरलेल्या मीडियमची अमिनो आम्लं ऑटोफॅजी दाबणाऱ्या एमटॉरला जागं ठेवतात. ईबीएसएस बायकार्बोनेटवर चालतं, तेव्हा आधी सीओ२ इन्क्युबेटरमध्ये अर्धा तास झाकण सैल करून ठेवा. टेबलावर राहिलं तर जांभळट होतं, तो पीएच पेशींना मानवत नाही. उपासमारीला पर्याय म्हणून एमटॉर अडवणारं टोरिन १, २५० नॅनोमोलर, ३ तास. रॅपामायसिन पुष्कळ पेशींत फिकं पडतं.

घणसोली_बेंच

ताई, ऐरोलीकर, खूप आभार. चार लेनचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. दोन शंका. एक, आमच्या गाइडना एलसी३-२ भागिले एलसी३-१ हे गुणोत्तर हवंय, पण हेलात एलसी३-१ दिसतच नसेल तर भागायचं कशाने? दोन, पी६२ का वाढला? संयुग कर्क्युमिनच्या जातकुळीतलं आहे, एवढं सांगू शकतो.

खारघर_प्रोटीन

गुणोत्तर टाळा. बहुतेक अँटिबॉडी एलसी३-२ ला एलसी३-१ पेक्षा जास्त जोरात पकडतात, त्यामुळे भागाकारात अंश एका मापाने मोजलेला आणि छेद दुसऱ्या. त्यात एलसी३-१ साठवणीत कमी होतो, आणि पेशीगणिक त्याचं प्रमाण वेगळं असतं. मेंदूच्या ऊतीत एलसी३-१ भरपूर, हेलात अगदी थोडा. तो दिसला नाही म्हणून ब्लॉट फसला असं होत नाही. ऑटोफॅजी क्षेत्रातल्या संशोधकांनी मिळून काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत, चौथी आवृत्ती २०२१ ची. त्यातही भर एलसी३-२ ला अ‍ॅक्टिनसारख्या लोडिंग कंट्रोलने भागण्यावर आणि फ्लक्सवर आहे. गाइडना तेच दाखवा.

अ‍ॅक्टिनबद्दल एक खबरदारी. २० मायक्रोग्रॅमला अ‍ॅक्टिन सहज सॅच्युरेट होतो आणि मग सगळ्या लेन सारख्याच दिसतात. एकदा ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅमची मालिका चालवून एलसी३-२ आणि अ‍ॅक्टिन दोघंही सरळ रेषेत कुठवर वाढतात ते बघून घ्या. अ‍ॅक्टिनची अँटिबॉडी पातळ करावी लागेल, बहुधा पाच-दहा पट.

पी६२ चं कारण तुम्हीच देऊन ठेवलंत. कर्क्युमिनसारखे इलेक्ट्रोफाइल रेणू कीप१ प्रोटीनला बांधतात, त्याने धरून ठेवलेला एनआरएफ२ सुटतो आणि पी६२ बनवणाऱ्या एसक्यूएसटीएम१ जनुकाचं ट्रान्स्क्रिप्शन वाढवतो. पी६२ हे एनआरएफ२ चंच एक लक्ष्य आहे. म्हणजे एका हाताने पी६२ पचतोय आणि दुसऱ्या हाताने जास्त बनतोय. बेरीज वर जाऊ शकते, खाली जाऊ शकते, जागच्या जागी राहू शकते. त्यामुळे नुसत्या पी६२ वरून ऑटोफॅजी थांबली असं लिहू नका. त्याच पेशींतून आरएनए काढून एसक्यूएसटीएम१ ची क्यूपीसीआर करा, सोबत एनआरएफ२ चं दुसरं लक्ष्य एचएमओएक्स१ घ्या. दोन्ही वाढले तर एनआरएफ२ चा हात दिसतो. आणि पी६२ सुद्धा त्याच चार लेनमध्ये वाचा: बॅफिलोमायसिनने तो आणखी वाढत असेल तर पचन चालू होतं.

लांब उपासमारीतही पी६२ आधी उतरून मग परत चढलेला दिसतो. पचनातून सुटलेली अमिनो आम्लं आणि नवं ट्रान्स्क्रिप्शन, दोन्ही त्यामागे असतं. म्हणून वेळ २ ते ४ तासांतच ठेवा.

ऐरोली_ब्लॉट

मूळ प्रश्न अँटिबॉडी खरी की खोटी हा होता, तो राहिलाच. तपासायचा मार्ग आहे आणि नव्या कुपीपेक्षा खूप स्वस्त आहे.

माहितीपत्रकात इम्युनोजेन कुठला ते बघा. एलसी३बी १२५ अमिनो आम्लांचा. एटीजी४ हे एन्झाइम त्याला १२० व्या ग्लायसिननंतर कापतं आणि मग तो एलसी३-१ होतो. शेवटच्या पाच अवशेषांविरुद्ध अँटिबॉडी केली असेल तर कापल्यावर तिला पकडायला काही उरत नाही. मधला बराचसा भाग एलसी३ए आणि एलसी३बीमध्ये अक्षरशः सारखा आहे, तिथली अँटिबॉडी दोघांनाही धरेल. दोघांतला फरक मुख्यतः सुरुवातीच्या तीसेक अवशेषांत आहे, म्हणून बी-विशिष्ट अँटिबॉडी एन-टोकाच्या पेप्टाइडवर बेतलेल्या असतात.

कंट्रोल लेन म्हणून एटीजी५ किंवा एटीजी७ (एलसी३ ला लिपिड जोडायला लागणारी जनुकं) नॉकआउट पेशी मिळाल्या तर उत्तम. एलसी३-२ चा बँड तिथे नाहीसा व्हायला हवा आणि एलसी३-१ उलट जास्त दिसायला हवा. नॉकआउट नसेल तर प्रोस्टेट कर्करोगाच्या डीयू१४५ पेशी वापरा. त्यांच्यात कामाचा एटीजी५ नसतो, त्यामुळे बॅफिलोमायसिन देऊनही एलसी३-२ बनत नाही. पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीच्या यादीत बघा, किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या लॅबकडे लायसेटपुरती विचारणा करा. डीयू१४५ मध्येही 'एलसी३-२' च्या जागी बँड आला तर तो एलसी३-२ नव्हेच. याने लिपिड जोडलेला बँड पक्का होतो, पण अँटिबॉडी एलसी३बीलाच पकडते का हे ठरवायला एलसी३बी बनणं कमी करणारी एसआयआरएनए लागते: दोन्ही बँड उतरले पाहिजेत.

कुपी आली त्या दिवशीच्या थंडाव्याकडेही लक्ष ठेवा. पार्सल उघडताच जेलपॅक घट्ट आहेत की पाणी झालंय हे बघून फोटो काढा, पुढे तक्रार करायला तोच आधार. ५० टक्के ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, तिला अ‍ॅलिकोट न करताही चालतं. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकोट करा. स्वतःहून बर्फ वितळवणारा फ्रीझर टाळा, त्यात तापमान वरखाली होतं.

पॉलिक्लोनलचा लॉट बदलला की स्वभाव बदलतो. बॅफिलोमायसिन दिलेल्या हेलाचं एकच मोठं लायसेट करून उणे ८० ला अ‍ॅलिकोटमध्ये ठेवा. नवा लॉट आला की तेच नमुने एका जेलवर दोनदा लावून, मेंब्रेन उभं अर्धं कापून, जुना-नवा शेजारी शेजारी बघा.

घणसोली_बेंच

हीच अँटिबॉडी इम्युनोफ्लुओरेसन्सला चालेल का? पंक्टा (पेशीतले एलसी३ चे ठिपके) मोजून दुसरा पुरावा द्यायचा विचार आहे. आणि एक साधी अडचण: आमचा इमेजर बंद आहे, ब्लॉट डेव्हलप करायला खारघरला न्यावा लागणार.

कळवा_सेल

वेस्टर्नला चालते म्हणून इम्युनोफ्लुओरेसन्सला चालेलच असं नाही, माहितीपत्रकात त्याचा वेगळा उल्लेख हवा. आधी उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये १० मिनिटं फिक्स करून बघा, वेगळं परमिएबिलायझेशन लागत नाही. पीएफए वापरलं तर नंतर ट्रायटनऐवजी डिजिटोनिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. ट्रायटन लिपिडसकट पटल उचलतं आणि एलसी३-२ त्यासोबत जाऊ शकतो. केंद्रकात पसरट चमक दिसली तर घाबरू नका, एलसी३-१ तिथे असतो. मोजायचे ते ठिपके, आणि इथेही बॅफिलोमायसिनसह व शिवाय अशी जोडी हवीच. जीएफपी-एलसी३ ट्रान्सफेक्ट करणार असाल तर सोबत जी१२०ए म्यूटंट ठेवा. त्याला लिपिड जोडता येत नाही, त्यामुळे त्यातही ठिपके आले तर ती नुसती प्रोटीनची गुठळी.

खारघर_प्रोटीन

ब्लॉट आणायचा तर सेकंडरीनंतरचे वॉश तुमच्याकडेच पूर्ण करा, टीबीएसटीमध्ये १० मिनिटांचे तीन. मग मेंब्रेन ताज्या टीबीएसटीत बुडवून सपाट डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीवर. प्रवासात सुकता कामा नये, पीव्हीडीएफ सुकलं की पार्श्वभूमी डागाळते. ईसीएल (एचआरपीमुळे प्रकाश देणारं द्रावण) मात्र इमेजरपाशी पोचल्यावरच मिसळा आणि घाला, त्याचा प्रकाश काही मिनिटांतच उतरायला लागतो. खालच्या पट्टीला ५ सेकंदांपासून ३ मिनिटांपर्यंत टप्प्याटप्प्याने एक्स्पोजर घ्या. बॅफिलोमायसिनच्या लेन सर्वांत आधी सॅच्युरेट होतात. त्या न झालेलीच फाइल मोजायला वापरा, एलसी३-१ दाखवायला लांब एक्स्पोजरची वेगळी ठेवा. पट्टी कापलेल्या कडा आणि लॅडर दिसतील अशी मूळ फाइल जपून ठेवा, जर्नलवाले मागतात.